शाडूचं समाजमंदिर

"हात नाय लावायचा!"

"अहो बायजाआजी, माझंच आहे ते. मीच केलंय."

"तू केलंस तवा तुजं व्हतं. आता देवीचं जालं."

"देवीचं कसं होईल? इमारतीचं मॉडेल आहे ते. नमुना! तुम्हाला दाखवायला आणला होता."

"दावलास. आमी बघितला. आवडला. पुजला. आता परत न्यायचा नाय."

"परत नेतच नाहीये मी. फक्त हा एवढा कोपरा कापून..."

"कापून?" बायजाआजींचा आवाज देवळाच्या पत्र्यावर जाऊन आदळला. "ऐकलात गो? कापाय आलीय! पुजलेलं कापाय आलीय!"

देवळाच्या पायरीवर बसलेल्या पाच-सहा बायकांनी एकदम मनालीकडे पाहिलं. तिच्या हातात कापायची तार होती. शाडू कापायला मूर्तिकार वापरतात तसली, दोन्ही टोकांना लाकडी मुठी असलेली. तिने ती घाईघाईने पर्समध्ये टाकली.

गाभाऱ्याबाहेरच्या कट्ट्यावर, पाटावर, ते मॉडेल बसलं होतं. शाडूच्या मातीचं, हातभर लांबीचं समाजमंदिर. उंच जोतं, दोन्ही बाजूंनी उतरत आलेलं छप्पर, आणि खाडीकडच्या कोपऱ्यात पुढे आलेला गोलसर ओटा. मनालीने ते आणलं तेव्हा करड्या रंगाचं होतं. आता छपराला हळदीकुंकवाची बोटं लागली होती, जोत्यावर जास्वंद होती, आणि जिन्यासाठी ठेवलेल्या भोकात कुणीतरी उदबत्ती खोचली होती. ती इतकी चपखल बसली होती की क्षणभर मनालीलाच वाटलं, भोक उदबत्तीसाठीच ठेवलं होतं आपण.

"केरूभाऊ, तुम्ही तरी सांगा." ती सरपंचांकडे वळली.

केरू सरपंच देवळाच्या खांबाला टेकून उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "मॅडम, माजं घरात पन कोन ऐकत नाय. हितं काय ऐकतील?"

"जमिनीचा रिपोर्ट आलाय, आजी," मनाली म्हणाली. आता तिने आवाज खाली आणला. "या कोपऱ्याखाली नुसता चिखल आहे. खोलपर्यंत. बाकीची इमारत जुन्या बांधाच्या मुरमावर बसते, पण हा कोपरा खाडीच्या चिखलात येतो. तो खचला तर सगळ्या इमारतीला तडा जाईल."

"खचंल तवा बघू."

"तेव्हा काय बघणार? उधाणाला बांध फुटला, गावात पाणी शिरलं की तुम्ही सगळे याच इमारतीत येऊन बसणार ना? त्यासाठीच तर एवढं उंच जोतं."

बायजाआजींनी पदर खोचला. "पुजलेलं मोडायचं नसतं, पोरी. तुज्या बापाला इचार. त्याचा तं तो धंदाच हाय."

आणि तिथे मनाली अडकली. कारण म्हातारी बरोबर बोलत होती, आणि मनाली खरोखरच पेणच्या मूर्तिकाराची मुलगी होती.

*

मनालीचं अर्धं बालपण पेणला गेलं आणि अर्धं रोह्याला. पेणला बाबांचा, कमळाकरांचा, गणपतीचा कारखाना. रोह्याला मामाचा सेंट्रिंगचा धंदा. शाळा पेणला, सुट्टी रोह्याला, आणि मधे गाडी. पेणला ती ओल्या शाडूत कोपरापर्यंत बुडालेली असायची. रोह्याला गेली की मामा तिच्या हातात टेपचं टोक देऊन म्हणायचा, "धर घट्ट, आणि आकडा ओरडून सांग. हळू सांगितलास तर चुकीचा समजेन."

दोघांमध्ये तिच्यावरून कायम ओढाताण.

"पोरीच्या बोटात वळण आहे," बाबा म्हणायचे. "माझ्याकडे राहू दे तिला. सोंडेला असा बाक देते की बघत राहावं."

"दाजी, बाक तुम्ही बघा. ती सोंड पडेल का राहील, ते पोरगी बघते," मामा म्हणायचा. "परवा तिने तुमच्या मोठ्या मूर्तीच्या आत काठी कुठे टाकायची ते सांगितलंन का नाही?"

"सांगितलंन."

"पडली का मूर्ती?"

"नाही पडली."

"मग झालं की!"

दोघांनाही खूश ठेवायचं म्हणून तिने आधी सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि मग मुंबईला आर्किटेक्चर. आई म्हणायची, दोन लग्नं केल्यासारखं आहे हे, दोन्ही सासरं सांभाळा. शेवटच्या वर्षी तिने प्रोजेक्टचं मॉडेल शाडूत केलं. बाकी सगळ्यांची पांढरीशुभ्र पुठ्ठ्याची, धारदार कडांची मॉडेलं, आणि मधे हिचं मातकट, बोटांचे ठसे उमटलेलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"हे शिल्प आहे की इमारत?"

"सर, कॉलम मोजून बघा," मनाली म्हणाली.

त्यांनी खरंच मोजले. भार कुठून कुठे उतरतो ते विचारलं. तिने बोटाने छपरापासून जमिनीपर्यंत वाट काढून दाखवली, कागदावर आकडे मांडले. परीक्षक जाताना म्हणाले, "इमारत आहे." आणि दोन पावलं गेल्यावर वळून, "शिल्पही आहे."

त्यानंतर काही वर्षं ती मुंबईत एका मोठ्या ऑफिसात होती. टॉवरच्या लिफ्टसमोरची लॉबी एवढंच तिच्या वाट्याला यायचं. लादीची नक्षी, दिव्यांच्या जागा. खांबांचा विषय निघाला की "ते इंजिनीयर बघतील." नक्षीचा निघाला की "ते डिझायनर बघतील." ती दोन्हीकडून पाहुणी. एक दिवस तिने राजीनामा दिला आणि रोह्याच्या बाजारपेठेत, स्टेशनरीच्या दुकानाच्या माळ्यावर, पाटी लावली. आत दोन टेबलं. एकावर कॉम्प्युटर, एकावर ओल्या फडक्याखाली शाडूचा गोळा. मामाचा मुलगा रितेश स्ट्रक्चरल इंजिनीयर झाला होता, तो येऊन तिच्यासमोर बसला आणि तिथेच राहिला.

पहिली दोन वर्षं लोक वर यायचे, शाडूचा गोळा बघायचे आणि विचारायचे, "गणपतीचं बुकिंग इथेच काय?"

मग हळूहळू कामं आली. एका डॉक्टरीणबाईंचं घर, ज्याच्या जिन्यात दुपारभर उजेड असतो आणि ऊन नसतं. एका शाळेचा व्हरांडा. आणि पेणला बाबांच्या कारखान्याचं नवं छप्पर. शाडूची मूर्ती उन्हात वाळवली तर तडकते आणि पावसाळी दमटाला वाळतच नाही. मनालीने छपराला पोटाशी फटी ठेवल्या, वारा मूर्तींच्या पायाशी शिरून माथ्यावरून निघून जावा अशा. मूर्ती एकसारख्या वाळू लागल्या. बाबांनी सगळीकडे फिरून पाहिलं आणि तक्रार केली, "पूर्वी मूर्ती वाळेपर्यंत दोन घटका गप्पा व्हायच्या. आता चहा पिऊन येईपर्यंत रंगाला तयार. माणसाने बसायचं कधी?"

मनालीने ती तक्रार जपून ठेवली आहे. बाबांकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

एका बाबतीत मात्र ती मामाची भाची. आकड्याला ती मऊ होत नाही. बाजारातले एक दुकानदार वर आले होते, "मॅडम, अजून एक मजला चढवू. कागदावर तेवढं बसवा, काही होत नाही." मनालीने हिशेब पुढे ठेवला, खांब कुठे कमी पडतात ते दाखवलं. ते गेले ते गेलेच. रितेश हळहळला.

"ताई, जरा गोड बोलायचंस."

"गोड बोलले मी. आकडा गोड नव्हता."

रितेश सगळ्यांना सांगतो, "आमच्या ताईला काही विचारून बघा, उत्तर येणारच. जेवलीस का विचारलं तरी पोट किती भरलंय ते मापात सांगेल."

*

खारसाळवे हे धरमतरच्या खाडीकाठचं गाव. अर्धं मिठागरावर जगतं, अर्धं खाऱ्या भातशेतीवर. समाजमंदिर हवं म्हणून गावकी जमली तेव्हा मनालीने विचारलं होतं, तुम्हाला त्यात काय काय हवं? पुरुषांनी धडाधड सांगितलं. स्टेज. माइकची खोली. वराकडच्यांना उतरायला जागा. बायका मागे उभ्या होत्या, एकीनेही तोंड उघडलं नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ती मिठागरावर गेली. बायका फळीने मीठ ओढत होत्या. गुडघ्यापर्यंत लुगडी, पायांना फडकी गुंडाळलेली. तिथे मात्र सगळ्या एकदम बोलायला लागल्या, आणि शेवटी बायजाआजींनी सगळ्यांना गप्प केलं.

"आमाला पानी बघत बसाय जागा दे."

"म्हणजे?"

"पार हाय तो बाप्यांचा. देवलाची पायरी हाय ती भजनाची. लग्नात आमी मागच्या दाराला, चुलीकडं. कामावरनं आलो की पाय सोडून बसाय बाईला जागाच नाय गावात. आनी बांदाला भोक पडतंय ते पयलं कोनाला दिसतंय? बाईलाच. आमी वरडतो, मंग बापे धावतात. तं आमाला पुडच्या अंगाला बसव. मागं नको."

मनालीने त्या रात्रीची वाटही पाहिली नाही. रोह्याला परत येऊन तशीच शाडू मळायला बसली. ओटा आधी झाला, बाकीचं समाजमंदिर त्याच्या मागे. खाडीकडे तोंड करून, पुढे आलेला, अर्धगोल. मॉडेल गावात गेलं तेव्हा बायकांनी वाकून वाकून तो ओटा पाहिला, बोटं फिरवली. मॉडेल सुकायला देवळात ठेवलं होतं. पंधरवड्याने मनाली रिपोर्ट घेऊन आली तोवर त्याची पूजा सुरू झाली होती. शाडूची वस्तू, पाटावर, देवळात. पेणच्या पंचक्रोशीत असल्या वस्तूची पूजा व्हायची नाही तर काय व्हायचं? पुठ्ठ्याचं केलं असतं तर कुणी कुंकवाचं बोटही लावलं नसतं.

*

"काढ तो कोपरा, ताई." रितेशने स्क्रीन तिच्याकडे वळवली. आख्खी इमारत हिरवी होती आणि ओट्याचा कोपरा लालभडक. "लाल म्हणजे खचणार. खचताना हॉलला ओढणार. माझ्याकडे याला दुसरं औषध नाही."

"पाईल? खोलवर खांब ठोकून?"

"त्या चिखलात पाईल कुठवर नेणार? आणि खारसाळव्याच्या निधीत?"

"काढला तर बायका कुठे बसतील?"

"हॉलमध्ये. पंखे आहेत ना."

"हॉलमध्ये पुरुष बसतात रे. बायका मागच्या दाराला."

"मग मागे ओटा देऊ. मागे मुरूम आहे. पक्का."

"मागेच नको आहे त्यांना!"

"ताई, तू आर्टिस्ट म्हणून बोलतेयस की इंजिनीयर म्हणून?"

"हा प्रश्न माझ्या ऑफिसात विचारायचा नाही, रित्या."

"बरं. मग सांग, हात काढायचा नाही, आणि हाताच्या वजनाने धड फुटणार. काय करायचं?"

मनाली फडक्याखालच्या शाडूत बोटं खुपसून बसली होती. ती थांबली.

"हात म्हणालास ना तू आत्ता?"

"म्हणालो. का?"

"मूर्तीचा हात कधी धडाबरोबर करतात का? वेगळा करतात. धड आवळून सुकायला लागतं, मग हात जोडतात. ओला असताना एकत्र केला तर ओढाताण होऊन तडा जातो." तिने शाडूचे दोन तुकडे तोडले, एक मोठा, एक छोटा, आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "ओटा हॉलला जोडायचाच नाही."

रितेशने तोंड वाकडं केलं. "म्हणजे काय, हवेत?"

"स्वतःच्या पायावर. हलका. लाकडी. जेट्टीला फळ्या असतात तसा, रुंद बैठकीवर. हॉल मुरमावर मागे सरकवू. छप्पर हॉलचंच, पण ते ओट्यावर नुसतं पुढे येईल, टेकणार नाही. दोघांच्या मधे बोटभर फट."

"आणि ओटा खचला तर?"

"खचू दे. एकटा खचेल. हॉलला कळणारही नाही. पाचर मारून पुन्हा उचलायचा."

रितेशने आकडे घातले. सगळं हिरवं झालं. त्याने खुर्ची मागे रेलली. "हे आधी का नाही सुचलं?"

"आधी तू हात म्हणाला नव्हतास."

*

आता राहिलं पुजलेलं मॉडेल. त्यासाठी ती पेणला गेली.

कमळाकर मूर्तींची आखणी करत होते. डोळे रंगवण्याचं काम, त्याला ते कुणाला हात लावू देत नाहीत. मुलीचं सगळं त्यांनी ब्रश न थांबवता ऐकलं आणि मग एकदम खुदकन हसले. ब्रश बाजूला ठेवावा लागला.

"आईला बोलव आधी. हे तिला ऐकवलं पाहिजे. आपल्या पोरीची इमारत बांधायच्या आधी देवळात जाऊन बसली!"

"बाबा, चेष्टा नको. मी तार घेऊन गेले होते. मला मारतीलच असं वाटलं."

"तार घेऊन गेलीस? बसलेल्या मूर्तीला?" आता ते गंभीर झाले. "मने, एवढी वर्षं या घरात काय बघितलंस तू? पुजलेली माती कापतात का? तिचा निरोप घेतात."

"तेच तर. उत्तरपूजा चालेल का? घराची?"

"घराची उत्तरपूजा मी तरी बघितलेली नाही. पण समाजमंदिराची प्राणप्रतिष्ठाही बघितलेली नाही. त्यांनी ती केली, आता तुम्ही ही करा. हिशेब बरोबर होतो."

"तुम्ही याल?"

"मला काय काम आहे तिकडे? माझ्या डोळ्यांना उशीर होतो." पुन्हा ब्रश उचलला. जरा वेळाने, मान खालीच ठेवून, "भरती कधी आहे त्या दिवशी?"

*

बायजाआजींनी अट घातली होती. आधी नवं दाखव, मग जुन्याचा निरोप. मनालीने नवं मॉडेल देवळाच्या कट्ट्यावर ठेवलं. या वेळी दोन तुकड्यांत.

बायजाआजींनी ओट्याचा तुकडा दोन बोटांनी उचलला. तो सुटा आला. त्यांचा चेहराच उतरला.

"ह्यो सुटा कशापाई?"

"सुटा आहे म्हणून टिकेल, आजी."

"सुटं हाय ते उचलून नेतात, पोरी. जोडलेलं ऱ्हातं. उद्या ह्ये बापे म्हनतील, सरका."

"आजी, जोडला तर तडा जाईल. मी खोटं नाही सांगत."

"तू खोटं नाय सांगत. पन तू उद्या रोह्याला जाशील. हितं आमी ऱ्हानार."

बायजाआजींनी तुकडा जागेवर ठेवला, होही म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. "चला," एवढंच म्हणाल्या. "भरती थांबत नाय."

मग जे झालं ते खारसाळव्यात अजून सांगतात. टाळ, झांजा, पुढे केरू सरपंच पाट डोक्यावर घेऊन, पाटावर समाजमंदिर. बायकांनी दहीपोह्यांची शिदोरी बांधून ओट्यावर ठेवली होती. कमळाकर चपला हातात घेऊन चिखलातून चालत होते आणि शेजारच्या प्रत्येकाला सांगत होते, "पोरीने केलंय. माती माझी."

खाडीच्या काठाला शेवटची आरती करायची म्हणून पाट चिखलावर टेकवला. आरती सुरू झाली. दुसऱ्या कडव्याला पाट तिरका झाला. शाडूचा भरीव ओटा, वरून शिदोरी, सगळं वजन एका अंगाला, आणि तेच अंग खाली जायला लागलं. आरती म्हणता म्हणता सगळे बघत राहिले. टाळ थांबले. ओटा चिखलात बसला, त्याच्या ओढीने छप्पर हललं, आणि छपरापासून जोत्यापर्यंत केसासारखी एक रेघ उमटली.

बायजाआजी वाकल्या, रेघ बघितली, आणि वळून मनालीकडे डोळे बारीक करून पाहिलं. "तू मुद्दाम ठेवलास हितं?"

"मी नाही, आजी. जागा तुम्हीच दाखवलीत."

"व्हय." म्हातारी पुन्हा वाकली. "मीच दावली." आणि मग तिच्या तोंडाचं बोळकं हळूहळू पसरलं. "बसला गो! खरंच बसला! मला वाटलं, पोरगी भ्या घालतेय."

सगळा काठ हसायला लागला. कमळाकर सगळ्यात मोठ्याने. आरती पुन्हा पहिल्यापासून म्हटली, कारण मधे तुटलेली चालत नाही, आणि भरतीच्या पाण्यात ते पहिलं समाजमंदिर सोडलं. शाडू हळूहळू विरघळला, छप्पर आधी, मग भिंती.

परत येताना बायजाआजी मनालीच्या शेजारून चालत होत्या.

"सुटा तं सुटा," त्या म्हणाल्या. "बांद."

*

पुढच्या वैशाखात समाजमंदिर उभं राहिलं. उंच जोतं, चिऱ्याच्या भिंती, आणि खाडीच्या बाजूला लाकडी ओटा, छपराच्या सावलीत, हॉलपासून बोटभर अंतर राखून. तिथे वारा असा येतो की हॉलमध्ये घाम पुसणारा माणूस आपोआप तिकडे बघायला लागतो.

उद्घाटनाच्या सकाळी मनाली आणि रितेश लवकर पोचले. रितेश भिंतींना हात लावून बघत होता, त्या खऱ्या आहेत की नाहीत ते तपासावं तसा. बायका केव्हाच येऊन ओट्यावर बसल्या होत्या, पाय खाली सोडून, हॉलकडे पाठ करून. आत डेकोरेशनवाल्यांनी खुर्च्यांची चळत आणून ठेवली होती. मधोमध केरू सरपंच, कडक इस्त्रीचा सदरा, गळ्यात उपरणं, चेहऱ्यावर घाम.

"आजी!" त्यांनी दारातून हाक मारली. "आजी, बायकांना घेऊन जरा आत या ना! पावन्यांच्या खुर्च्या लावाच्यात तितं. तालुक्याची मानसं येनार, आत उकाड्यात बसवू काय त्यांना?"

बायजाआजींनी मान वळवली नाही. "पंखे हायत ना आत."

"तेच म्हनतो! तुमी बसा की पंख्याखाली!"

"तू बस."

दोन-तीन बायका हसल्या. एकजण मात्र उठायला लागली, पदर सावरत. सवयीने. शेजारणीने तिला धरलं, तिने पुन्हा सरपंचांकडे पाहिलं, आणि अर्धी उठलेली तशीच राहिली.

केरू सरपंच वाईट माणूस नव्हते. पाहुणे येणार, वारा ओट्यावर, खुर्च्या ओट्यावर, इतकं सरळ होतं त्यांच्यासाठी. त्यांनी खुर्च्यांची चळत उचलली, ओट्याच्या तोंडाशी आणली, आणि फटीपाशी थबकले. फळ्यांकडे संशयाने पाहिलं. हा ओटा हलका आहे, वेगळा आहे, एवढं त्यांनाही माहीत होतं. ते वळले आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"मॅडम हायत की! मॅडम, तुमीच सांगा. तुमचं कुनी मोडनार नाय. ह्यो ओटा सोसंल ना? धा-पंधरा खुर्च्या, वर पावने, टेबल. एवडं सांगा, बास. व्हय का नाय."

ओट्यावरच्या बायका वळून बघायला लागल्या. बायजाआजीही वळल्या.

ओटा सोसणार होता. मनालीनेच हिशेब केला होता, सगळं गाव उधाणात त्यावर येऊन उभं राहिलं तरी चालेल असा. हो म्हटलं की खुर्च्या पुढे जातील, ती अर्धी उठलेली बाई पूर्ण उठेल, तिच्यामागे बाकीच्या, आणि आज उठल्या की उद्याही उठतील. नाही म्हटलं की खुर्च्या जागच्या जागी थांबतील. नाही म्हणणं किती सोपं होतं. आणि ते खोटं होतं.

रितेश तिच्याकडे बघत होता. ताईला काही विचारलं आणि ताई गप्प, असं त्याने आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं.

"मॅडम?" केरू सरपंच म्हणाले. "व्हय ना?"

मनालीने दारात चपला काढल्या. चळतीला वळसा घातला, फटीवरून पाऊल टाकलं आणि बाहेर बायकांमध्ये, त्या अर्ध्या उठलेल्या बाईशेजारी, पाय खाली सोडून बसली.